पाऊस पडेपर्यंतचा डबा

शनिवार, २७ फेब्रुवारी २०१६

लिही तारे. काय लिहू म्हणून विचारू नको, मी बोलते तेच लिही.

हे दूध संस्थेचं रजिस्टर आहे. वर रकाने छापलेत असं तारा सांगते. सभासदाचं नाव, लिटर, फॅट, डिग्री. माझा बद्रीनाथ या संस्थेचा सचिव. एकोणीस वर्षं सकाळ-संध्याकाळ त्यानं असली रजिस्टरं भरली. यंदा जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, संघानं टेंपो बंद केला आणि संस्थेवर तात्पुरता प्रशासक आला. तो केजला बसतो. म्हशीला सड किती असतात हे त्याला विचारून बघितलं पाहिजे. पाच रजिस्टरं कोरी उरली. बद्री म्हणाला, रद्दीत घालतो. मी म्हटलं, एक मला दे. रद्दीत जायचं वय माझंही झालंय, दोघी सोबतीनं जाऊ.

मला अक्षर येत नाही. नाव दगडाबाई. माझ्या आधीची चार लेकरं जगली नाहीत म्हणून हे नाव ठेवलं, दगडाला यम तरी कुठं धरणार. समोरच्या घरची तारा अंगणवाडी सांभाळते. दुपारी पोरं घरी गेली की जयभीम घालून माझ्या उंबऱ्याला टेकते आणि मी बोलते ते उतरवते. माझं बोलणं ती जरा सरळ करून लिहिते. म्हणते, "मावशी, हाय तसं लिव्हलं तर लोक काय म्हणतील?" लोक कुठले आलेत? कसर वाचणार हे.

आज सांगायचं ते असं की बद्रीचा डबा जळाला.

कडब्याच्या खोलीत बद्रीनं सिनेमाघर केलंय. दहा वर्षं दुधाच्या दोन वेळांच्या मधल्या वेळात एकेक जिन्नस जमवला. भिंतीला चुना, त्यावर चित्र पडतं. चहूअंगांनी पाच स्पीकर, आणि कोपऱ्यात एक ठोकळा आहे तो नुसता गुरगुरतो, जावयासारखा. याला होमथेटर म्हणायचं. गेल्या रविवारी दुपारी लाईट गेली आणि आली ती अशी उसळून आली की मधला एक डबा जळाला. बाकी सगळं शाबूत. डबा पुण्याला पाठवला. त्याचा पार्ट परदेशातून येणार, पाऊस पडेपर्यंत काही खरं नाही.

"मग तवर?" मी विचारलं.

"तवर तात्पुरतं कायतरी बघतो, माय!" म्हणाला. म्हणाला कसलं, ओरडला. हल्ली तो माझ्याशी बोलतच नाही, ओरडतोच. संस्था बंद पडल्यापासून त्याची जीभ तापलेली असते. कुणाचा तरी राग कुणावर तरी निघायचा. मी घरातच असते, सापडते.

तात्पुरतं म्हटलं की मला हसू येतं. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि मालक धर्मापुरीहून इथल्या पाझर तलावावर खडी फोडायला आलो, ते पाऊस पडेपर्यंत. मालक गेले, तलाव गाळानं भरला, मी आहे.

शुक्रवार, ४ मार्च

सून मुक्ता दोन म्हशींपाशी छावणीत असते. मी तिची भाकरी घेऊन जाते. तिथं बाया-बाया बसतो. म्हशींनी चारा खायचा आणि आम्ही एकमेकींचं डोकं.

माझी मैत्रीण छबुबाई, खडी फोडण्यापासूनची. तिचा आवाज जन्मजात टमटमचा. विचारते, "कावून गं दगडे, बद्री दिवसभर त्या खोलीत करतोय काय?"

आता बद्री सकाळीच मला ओरडून सांगत होता, "माय, प्रीअँप बघायचाय, प्रीअँप!" मी छबूला तेच सांगितलं.

"प्री?" छबू उठूनच बसली. "कोण देतंय प्री?"

"मला काय ठावं. प्रशासक देत असंल. दूध न्हाई तर अँप घ्या."

आमच्याकडं फुकटला प्रीच म्हणतात. टँकरचं पाणी प्री, छावणीतला ऊस प्री. तेव्हा यात मी काय चूक बोलले?

मग छबूनं पाटोद्याकडची एक गोष्ट सांगितली. कुणा एकानं आपल्या आईचं नाव आश्रमात घातलं. तिथंही नंबर लागतो म्हणे. नंबर लागला तसं म्हातारीला जीपमध्ये घालून सोडून आला. मी मध्येच म्हटलं, कुणाला सोडलं? तर छबू म्हणते, "तिसऱ्यांदा सांगतेय! कानाला दडे बसलेत का तुझ्या?"

मी तिला काय बोलले ते तारानं लिहिलं नाही. माझी सासू बहिरी होती. मी तिच्यापुढं नुसते ओठ हलवायचे आणि ती "व्हय, व्हय" म्हणायची. सगळ्या जावा पदर तोंडात घालून हसायच्या. बहिरं माणूस कसं असतं ते मला छबूनं शिकवायला नको.

रविवार, ६ मार्च

सकाळी दारात अकरा बाया. प्रत्येकीच्या हातात आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो. पुढं छबुबाई.

"बद्री, बाबा, लिष्टीत आमचंबी नाव घाल."

"कसली लिष्ट?"

"प्री अँपची. आमाला काय त्याचं काम न्हाई, पर सोडायचं कावून?"

बद्री आधी भिंतीला टेकला. मग खाली बसला आणि हसायलाच लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. दोन महिन्यांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "माझा फोटू न्हाई काढलेला, चालंल का?"

मग तो माझ्यापुढं उकिडवा बसून ओरडला, "माय! फ्री न्हवं, प्री! प्री म्हंजे आदीचा! मोठ्या अँपच्या आदी बसतो. टीव्ही, डिश, समद्याचा आवाज पयले त्यात येतो. त्यो निवडतो, सांभाळतो, मग म्होरं देतो. ताकद लावायचं काम मोठ्याचं!"

"म्हंजे संस्थेचा सचिव," मी म्हटलं. "दूध कुणाचं अन् टेंपो कुणाचा, मधी तू निवडत बसलेला."

बाया झेरॉक्स परत घेऊन गेल्या. एकटी साखराबाई ठेवून गेली, असू दे म्हणाली, पुढं कधी आलंच तर.

मंगळवार, १५ मार्च

बद्रीनं प्रीचा पुष्कळ शोध घेतला. मोबाइलवर बघितला. नवा घ्यायचा तर एका म्हशीत बसतो, आणि म्हैस छावणीत. चिनी डबी स्वस्त मिळते, पण तिला दोनच वाटा, आपले स्पीकर पाच. म्हणून पहिली सोय फुकटाची केली. मंडपवाल्या रामकिसनचा मिक्सर आणला. लग्नं यंदा नाहीत, तोही पडूनच होता. भीमजयंतीच्या आधी परत द्यायच्या बोलीवर.

संध्याकाळी मला खोलीत नेऊन पोत्यावर बसवलं, सगळ्यांच्या पुढं. चित्र झकास. भिंतीवर बाईचं तोंड घराएवढं. पण हल्लीच्या नटांना कुणी बोलायला शिकवत नाही वाटतं, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात.

"माय, बोलणं कळतंय का?"

"बाईचं लुगडं चांगलं हाय."

त्यानं मिक्सरची बटणं फिरवली. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "व्हय व्हय." बाजा वाढला, ठोकळा गुरगुरला, माझ्या बुडाखालचं पोतं हललं. मुक्ता कानावर हात ठेवून बाहेर गेली. नाजूक आहे पोर.

बद्री मान हलवत म्हणाला, "असं न्हाई जमायचं. याच्यात गाणं अन् बोलणं येगळं करता येत न्हाई. बोलणं वर आलं पायजे." बोलणं वर, बोलणं वर, एवढंच धरून बसलाय. त्याला गाणी आवडायची पूर्वी. माणूस बदलतो.

गुरुवार, २४ मार्च

दुष्काळात आवाज पण आटतो, हे माझ्या यंदा ध्यानात आलं. आमचा कोंबडा बांग देईनासा झालाय. नुसती मान ताणतो आणि चोच उघडतो. टँकरवाला भोंगा वाजवत नाही, माजलाय. आजही माझे दोन हंडे रिकामे राहिले. ताराला म्हटलं, भोंगा वाजवायला काय डिझेल लागतं? तारानं काहीतरी उत्तर दिलं, पण लिहिता लिहिता. तिला एका वेळी एकच काम जमतं.

लिंबावर साळुंक्या दिसतात. त्याही गप्प. बरोबर आहे, पाणी नाही तर गळा कशानं ओला करायचा.

शनिवार, २ एप्रिल

तारे, आज लिहिण्याआधी शपथ घे. तुझ्या लेकरांची नाही, लेकरांची शपथ मी घेऊ देत नाही. या उंबऱ्याची घे. आज सांगते ते बद्रीला तोंडानं सांगायचं नाही.

घेतली तिनं.

आमच्याकडं मोबाइलची रेंज दारातच येते, आणि तीही ओरडल्यावर. सकाळी बद्री दारात उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. मी इथंच, त्याच्या पायापाशी. सगळं नाही आलं, पण आलं तेवढं पुरे. "आईचं नाव दिलंय," म्हणाला. "आधार जोडलंय." मग, "नंबर लागला की घेऊन येतो, केजलाच ना?" मग कितीतरी वेळ नुसतं हूं हूं. शेवटी म्हणाला, "न्हाई न्हाई, तिला सांगितलेलं न्हाई. लई मानी हाय, ऐकायची न्हाई. तवर घरीच तात्पुरती सोय केलीय."

म्हणजे मी घरी आहे ती तात्पुरती सोय.

ताराचं लिहिणं थांबलंय. लिही.

मी रागावलेली नाही. संस्था नाही, दूध नाही, पोरगा पन्नाशीला आला. ज्याच्यावर दिवसभर ओरडावं लागतं ते माणूस घरात कोण ठेवील? नात पुण्याला सासरी आहे, तिच्याकडं जायचं नसतं. एक वाटतं, विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. म्हटलं असतं, पण मग गेले असते.

मंगळवार, १२ एप्रिल

रामकिसन मिक्सर घेऊन गेला. तारा सांगते, यंदा जयंती मोठी आहे, सव्वाशेवी. सोमवारपासून गल्लीत झेंडे लागलेत. बद्रीनं मिक्सर पुसून, वायरी गुंडाळून, डबल पिशवीत घालून दिला. माझी पाठवणी पण अशी नीट करील, त्यात शंका नाही.

दुसरी सोय केजच्या माणिकरावाची. तो रेडिओ दुरुस्त करायचा, आता काहीही करतो. सुटे भाग जोडून त्यानं एक पाटी बनवून दिली. झाकणसुद्धा नाही, आतडी बाहेर. पाची स्पीकर बोलतात म्हणाला. लावली, तर बद्री आणि माणिकराव दोघांची तोंडं कडू.

"घूं घूं करतंय," माणिकराव म्हणाला.

"कुठं?" मी म्हटलं. मला तर खोली देवळासारखी शांत वाटली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग माणिकराव घरामागं गेला, अर्थिंगचा खड्डा उकरून आला. म्हणाला, "मीठ हाय, कोळसा हाय, पाणी कुठंय? खड्डा कोरडा ठणठणीत. भुईला वल न्हाई तर डबा घुमणारच. तुमचा पयला डबाबी त्याच्यानंच गेला असंल."

"तिथं वतायला पाणी कुठलं आणू?" बद्री म्हणाला. "प्यायला दोन हंडे भेटतात."

ते खरंच. पण मी भांडी विसळते, ते पाणी झाडाला घालते. झाड म्हणजे एक तुळस. आज ते पाणी मी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. तुळशीला म्हटलं, तू देव आहेस, थांबशील. डबा थांबायचा नाही.

कुणाला सांगितलं नाही. मी गेल्यावर डब्यानं घूं घूं करून त्यांना माझी आठवण द्यायला नको.

शनिवार, १६ एप्रिल

तारा दोन दिवस आली नव्हती. जयंतीचा पेढा आणला आज. डोळे सुजलेले. म्हटलं, नाचलीस का रडलीस? हसली, मग माझा हात धरून ओरडून म्हणाली, "मावशी, मला बद्रीभाऊंना इचारू द्या. एकदाच."

"उंबऱ्याची शपथ हाय."

तिनं उंबऱ्याकडं असं बघितलं, जसं काही तो मोडला तर बरं.

पाटीचं घुमणं कमी झालं म्हणे. बद्री चकित. खड्ड्यापाशी जाऊन ओली माती बोटांनी चाचपत होता. मी आतून बघितलं. माती हातात घेऊन बराच वेळ उभा होता.

बुधवार, २० एप्रिल

पाटी जळाली. झाकण नाही म्हटल्यावर पाल शिरली. पालही गेली बिचारी, आवाज न करता.

आता तिसरी सोय, आणि ही मला आवडली. माणिकरावाच्या माळ्यावर एक जुना थोराड डबा पडला होता. कुणीतरी भंगारात दिलेला. बद्री डोक्यावर घेऊन आला, दम लागला त्याला. मला समोर बसवून समजावलं, घसा फुटेस्तोवर. या डब्याचं ताकदीचं काम गेलंय. स्वतः स्पीकर ओढू शकत नाही. पण डोकं शाबूत आहे. मागं भोकं आहेत, त्यातून पाची स्पीकरांचा आवाज वेगळा वेगळा काढून देतो. ताकद आपला मोठा अँप लावील. आणि मधला स्पीकर, ज्यातून माणसं बोलतात, तो एकटा वाढवता येतो. भंगाराच्या भावात.

"हातपाय गेले, जीभ चालू," मी म्हटलं. "म्हंजे मीच की. मला इचारलं असतंस तर तिथं मीच बसले असते, मागं भोकं पाडून घेतली असती."

बद्री हसला नाही. मधल्या स्पीकरचं बटण फिरवत होता आणि भिंतीकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होता. एकदम एक माणूस भिंतीवरून म्हणाला, "तुम्ही कधी आलात?" स्पष्ट. माझ्याशीच बोलल्यासारखं.

"काल संध्याकाळी," मी म्हटलं.

बद्रीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मुक्ता छावणीतून आली होती, ती दारातून माझ्याकडं बघून रडायला लागली. एवढं काय झालं कळलं नाही. दुष्काळात माणसं हळवी होतात.

म्हटलं, मिळाला एकदाचा मनासारखा. आता मला जायला हरकत नाही.

रविवार, २४ एप्रिल

गाठोडं बांधलं. दोन लुगडी, मिश्रीची डबी, मालकांचा फेटा. नंबर लागून कुणी सोडायला यायच्या आधी आपणच धर्मापुरीला भावाच्या लेकाकडं जावं. पाऊस पडेपर्यंत म्हणून सांगीन. एस.टी. मंगळवारी सकाळची. आता जायचं ठरलं तर पाय दुखतायत ते निमित्त करून राहावंसंही वाटतंय. हे लिहू नको. लिहिलंस? बरं.

ताराला विचारलं, मी गेल्यावर या रजिस्टरचं काय? ती ओरडून म्हणाली, "अजून कोरी पानं हायत, मावशी."

मंगळवार, २६ एप्रिल

एस.टी.ला गेले नाही. कारण सांगते.

रविवारी तारा रजिस्टर विसरून गेली. ती कधी पेनाचं टोपण विसरत नाही. आणि विसरली तेही कुठं, तर बद्रीच्या खोलीत, त्या जुन्या डब्यावर. तिथं गेली कशाला विचारलं तर खाली मान घालून लिहितेय. बघा.

काल सकाळी बद्री माझ्यापाशी आला. रजिस्टर काखेत. गाठोडं कोपऱ्यात होतं, त्याच्याकडं बघितलं. मग खाली बसला, माझे पाय मांडीवर घेतले आणि बोलायला लागला. ओरडला नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ओरडला नाही. हळू, अगदी हळू बोलत होता. ओठ हलत होते, मधेच थांबत होते, डोळे भरले होते. कितीतरी वेळ बोलला.

मला एक अक्षर आलं नाही.

विचारू कसं? पोरगा इतक्या दिवसांनी मऊ होऊन बोलतोय आणि मी आँ म्हणू? मी म्हटलं, "व्हय, व्हय."

त्यानं विचारल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हटलं, "व्हय. तू म्हणशील तसं."

तेव्हा त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. म्हटलं, समजलं. नंबर लागला. निदान सांगताना तरी ओरडला नाही.

सासूची आठवण आली दिवसभर.

शनिवार, ३० एप्रिल

लिही तारे. सावकाश लिही, आणि ओरडू नको, मी इथंच आहे.

सकाळी जीपनं केजला निघालो. मी गाठोडं घेतलं. बद्रीनं बघितलं आणि गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. एका शाळेपुढं उतरलो. मांडव घातलेला. बाकांवर माझ्याच वयाची पन्नासेक माणसं. म्हटलं, हे आपले आश्रमवाले. ओळख करून घ्यावी, उद्यापासून यांच्यातच राहायचंय.

शेजारच्या फेटेवाल्याला विचारलं, "आण्णा, हितं जेवायला काय देतात?"

"आँ?" म्हणाला.

पलीकडच्या बाईला विचारलं. "आँ?"

तिसऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "निवृत्ती. गाव पाटोदा."

मी बद्रीला म्हटलं, "बाबा, दुसरीकडं कुठं जागा न्हाई का? हा समदा आश्रमच बहिरा हाय."

बद्री माझ्याकडं बघत राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला. त्याला तिथं कळलं की सोमवारी मी काही ऐकलं नव्हतं. आणि मला कळलं की त्याला कळलं. मी दुसरीकडं बघितलं. तेव्हाच नाव पुकारलं असावं, कारण तो मला उठवून आत घेऊन गेला.

आत एक पोरगी होती, नातीएवढी. कानात बत्ती मारून बघितलं, कानावर टोपी घातली, शिट्ट्या वाजवल्या म्हणे. मग कानामागं एक लहानसं मशीन अडकवलं. घेवड्याच्या शेंगेएवढं. तिनं काहीतरी फिरवलं.

आधी पंखा आला. मी वर बघितलं. मग बाहेर कुणी चप्पल घासत गेलं ते. मग माझ्या स्वतःच्या बांगड्या. एवढ्या वाजतात होय या? घरच्यांनी कसं सोसलं?

बद्री पुढं येऊन उकिडवा बसला. दारात मला प्री समजावताना बसला होता तसा.

"माय," म्हणाला. हळू.

त्याचा आवाज मालकांसारखा झालाय. मला ठाऊकच नव्हतं. ओरडण्यात ते दिसत नाही.

"हे प्री हाय," मी पोरीला विचारलं, "का आदीचं?"

तिला कळलं नाही. बद्रीला कळलं. "दोनी," म्हणाला. "फुकट बी हाय, अन् समद्याच्या आदी बी. डिसेंबरात नाव दिलतं मी. तवर दुसरं काय करणार? म्हणून त्यो डबा."

जीपनं परत निघालो. ड्रायव्हरनं गाणं लावलं, मी म्हटलं कमी कर. सबंध रस्ताभर गाठोडं त्याच्याच मांडीवर होतं.

घरी आले तर टँकर उभा आणि भोंगा असा की माझा जीव दचकला. टँकरवाल्याला म्हटलं, बाबा, मी तुला काय काय बोलले, ते मागं घेते. पण एवढा वाजवू नको.

संध्याकाळी छबुबाई बघायला आली. कानाला हात लावून म्हणाली, "दगडाला कान फुटले गं बाई." मी म्हटलं, "तुझा आवाज आधी ऐकला असता तर मशीन घेतलंच नसतं."

खोलीत भिंतीवरची माणसं बोलायला लागली तशी मी बद्रीला म्हटलं, मधला कमी कर, म्हातारी काय बहिरी आहे? त्यानं कमी केला. मग म्हणाला, पुण्याचा डबा आला की हा परत माळ्यावर ठिवतो. मी म्हटलं, राहू दे इथंच. पाऊस पडेपर्यंत.

तारानं आता रजिस्टर मिटायला घेतलंय. थांब म्हटलं, एक राहिलं.

मुक्तानं ताटं वाढली होती. बद्री आला, दाराशी उभा राहिला, आणि रोज अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं जे विचारतो ते विचारलं. "माय, जेवलीस का?"

इतकं हळू की चुलीवरच्या भाकरीचा आवाज त्याच्याहून मोठा होता.

"परत म्हण," मी म्हटलं.

त्याचं तोंड उतरलं. पुढं येऊन माझ्या कानामागं बघायला लागला. "कावून? ऐकू न्हाई आलं?"

"आलं," मी म्हटलं. "परत म्हण."